उजवीकडून पहिला हॅमस्टर

नसीम, काल बडनेऱ्याला तुझ्या शाळेच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. तिथे मी काय बोलले आणि त्याचं पुढे काय झालं, हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण त्यासाठी आधी अकोल्याचं बोलावं लागेल, आणि अकोल्याचं आपण आठ वर्षांत एकदाही बोललो नाही. तू बोलली नाहीस, कारण तुझा स्वभाव तसा. मी बोलले नाही, कारण चूक माझी होती.

हे एवढं वाक्य लिहायला मला आठ वर्षं लागली. लिहिल्यावर हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालेलं नाही.

आपली ओळख झाली ती शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात. तू उर्दू शाळेची विज्ञानाची बाई, मी अमरावतीच्या मराठी शाळेची. दुपारच्या सुट्टीत माझ्या डब्यातली पातोडी तू न विचारता उचललीस आणि वर म्हणालीस, "तिखट कमी हाये." मला राग आला होता. मी आयुष्यात स्वयंपाकावरून कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दुप्पट तिखट घालून आणली, तू डोळ्यांतून पाणी काढत सगळी संपवलीस, आणि तिथून आपलं जमलं.

भित्तिपत्रकाची कल्पना तुझी. दोन्ही शाळांसाठी मिळून एकच मोठा कागद करायचा, डावीकडून मराठी, उजवीकडून उर्दू, आणि मधोमध चित्र. माझी मुलं डावीकडून वाचत चित्रापर्यंत येणार, तुझी उजवीकडून. आधी पंधरा दिवस तो कागद तुझ्या शाळेत लागायचा, नंतर पंधरा दिवस माझ्या. विषय ठरवायला आपण दोन डबे ठेवले होते. एकात इकडच्या प्राण्यांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात बाहेरच्या देशांतल्या. चिठ्ठ्या मुलांनीच टाकायच्या, दर महिन्याला दोन्ही डब्यांतून एकेक काढायची आणि निघेल त्या जोडीची तुलना करायची. निघालेली चिठ्ठी परत टाकायची नाही, हा नियमही तुझाच. कावळा आणि पेंग्विन निघाले, म्हैस आणि देवमासा निघाले. म्हशीच्या वेळी तर तुझी मुलं इतकी रंगली होती की देवमाशाला जेमतेम चार ओळी उरल्या.

आणि मग एकदा बाहेरच्या डब्यातून हॅमस्टर निघाला आणि आपल्या डब्यातून बिबळ्या कडवा. रुईच्या झुडपांवर फिरणारं ते नारिंगी फुलपाखरू. माझ्या वर्गातल्या कुणीतरी मोबाइलवर पिंजऱ्यातला, उंदराच्या जातीचा गुबगुबीत हॅमस्टर पाहिला होता, म्हणून ती चिठ्ठी.

मी म्हटलं, "नसीम, या दोघांत तुलना कशाची करणार? हे म्हंजे बैलगाडी आन् पावसाचं माप करनं झालं. टाक चिठ्ठी परत."

"नियम म्हंजे नियम," तू म्हणालीस. "आन् पिंजऱ्यातला नाही घ्यायचा. रानातला घ्यायचा. तो बी शेतातच राह्यते."

तू वाचनालयातून दोन पुस्तकं आणलीस आणि शनिवारी दुपारी माझ्या ओट्यावर बसून वाचून दाखवू लागलीस. युरोपातल्या गव्हाच्या शेतांत हा रानटी हॅमस्टर बीळ करतो. गालांत पिशव्या असतात, त्यांत दाणे कोंबून बिळात नेतो. एका बिळात एकच जीव राहतो, शेजार म्हणून चालत नाही. थंडी आली की बिळाचं तोंड बुजवून झोपतो, मधूनमधून उठतो, साठवलेलं खातो, परत झोपतो. पाठ तपकिरी, पोट मात्र काळंभोर. कुणी अंगावर आलं तर मागच्या दोन पायांवर उभा राहतो आणि ते काळं पोट दाखवतो. पूर्वी इतके होते की शेतकरी ते मारून थकत. आता इतके कमी झालेत की काही ठिकाणी त्यांच्यासाठी थोडं पीक न कापता उभं ठेवतात.

त्याचं मराठी नाव काय करायचं यावर आपण तासभर भांडलो. मी 'धान्यचोर उंदीर' सुचवलं. तू पेन खाली ठेवलंस. "चोर कोन ठरवलं? त्याच्या बिळावर नांगर आपन घातला," असं म्हणालीस. शेवटी दोन्ही भाषांत हॅमस्टर हेच राहिलं.

त्याच्याच पुढच्या रविवारी तू हट्ट धरलास की आपल्याकडचं बीळ तरी डोळ्यांनी पाहू. म्हणून मी तुला नांदगाव खंडेश्वरला बाबांच्या शेतात नेलं. ज्वारी निघून गेली होती. बाबांनी कुदळीनं शेताच्या कडेला, धुऱ्याजवळचं उंदराचं एक बीळ उकरलं, आणि हातभर खोल गेल्यावर कणसांचे तुकडे निघाले, ओंजळीमागून ओंजळ. बाबांनी ते टोपल्यात भरायला घेतले, लहानपणापासून ते असंच करत आले होते. तू खाली बसून एकेक कणीस उलटंपालटं करत होतीस.

"काका," तू म्हणालीस, "एक बी दाना किडका नाही पाहा. अर्ध परत ठेवा."

"उंदराले हिस्सा देते का पोरी कोनी?" बाबा म्हणाले.

"त्यानं निवडून ठेवलं, काका. मजुरी तं द्या."

बाबा माझ्याकडे पाहायला लागले, की ही बाई चेष्टा करते आहे का. तू चेष्टा करत नव्हतीस. बाबांनी अर्धं नाही, पण दोन ओंजळी परत टाकल्या आणि वरून माती लोटली. नंतर कितीतरी दिवस ते गावात सांगत फिरायचे की सुनंदाच्या मैत्रिणीनं आपल्याला उंदराची मजुरी द्यायला लावली. ते गेले तेव्हा तू आली होतीस, आणि माझ्या भावापेक्षा जास्त रडली होतीस. त्याचे आभार मी मानले नाहीत. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती, ती असायला हवी होती असं आता वाटतं.

फुलपाखरू तुझ्या वाट्याचं होतं. बडनेऱ्याला रेल्वेच्या मालधक्क्यामागे रुईची झुडपं माजली होती, तिथे तू मला आणि आठ-दहा मुलांना उन्हात उभं केलंस. बिबळ्या कडव्याची मादी पानाच्या खालच्या बाजूला एकच अंडं घालते आणि पुढच्या पानावर जाते, हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. बीएस्सीला प्राणिशास्त्र शिकले होते, पण ते सगळं पुस्तकातलं. तू मुलांना सांगत होतीस की याची अळी रुईचा विषारी चीक खाऊन वाढते, आणि ते विष फुलपाखराच्या अंगात उतरतं. एखाद्या पक्ष्यानं खाल्लंच तर त्याला ओकारी येते, पुन्हा तो नाव काढत नाही. म्हणून हे फुलपाखरू कधी घाईत उडत नाही.

"त्याले मालूम हाये, कोनी हात लावत नाही," तू म्हणालीस.

तिथूनच आपला तो वाद सुरू झाला, जो संपलाच नाही. दोघांत धीट कोण? मी म्हणायचे फुलपाखरू. ना बीळ, ना साठा, ना दात, आणि उघड्यावर फिरतं. हॅमस्टर हा मुळात भित्रा, म्हणून तर साठवतो आणि कोंडून घेतो. तू म्हणायचीस, उलट आहे. फुलपाखराला कसलं धैर्य लागतं, त्याच्या अंगात विष आहे. हॅमस्टरच्या अंगात काहीच नाही, तरी तो कुत्र्यासमोर दोन पायांवर उभा राहतो. घाबरलेला असतो आणि तरी उभा राहतो. फोनवर, बसमध्ये, तुझ्या धाकट्या बहिणीच्या, शाहीनच्या लग्नात पंगतीत बसून आपण हे भांडलो. शाहीन म्हणाली होती, दोघी येड्या हायेत.

तुलनेचा तक्ता चांगला झाला. इतका चांगला की अकोल्याच्या विज्ञान प्रदर्शनात शिक्षकांच्या गटात मांडायचं ठरलं. त्यासाठी कागद नव्यानं करायला घेतला. मराठीचा तक्ता मी लिहिला, उर्दूचा तू. तुझा तक्ता उजवीकडून सुरू होणारा: आधी मुद्दा, मग हॅमस्टर, मग फुलपाखरू. सगळी माहिती तू थेट कागदावर लिहिलीस. फक्त त्या दोन रकान्यांची शीर्षकं तुला रंगीत कागदावर करून चिकटवायची होती. त्याच आठवड्यात तुझ्या अम्मीला दवाखान्यात ठेवलं. कागद माझ्या घरी होता, म्हणून तू दोन्ही शीर्षकं तयार करून मला चिकटवायला पाठवलीस. मला उर्दू वाचता येत नाही म्हणून एकावर छोटासा उंदीर काढला होतास आणि एकावर पंख.

आणि तू फोन केला होतास. दवाखान्याच्या वऱ्हांड्यातून, मागे कुणाचं तरी खोकणं ऐकू येत होतं. "सुनंदा, उजवीकडून पहिला हॅमस्टर. ध्यानात ठेवजो."

"हो गं, हो," मी म्हटलं. मी त्या वेळी गॅसवरचं दूध पाहत होते.

मग कागदापुढे बसले, गोंद लावला, आणि जन्मभराच्या सवयीनं डावीकडे उंदीर चिकटवला, त्याच्या उजवीकडे पंख. छान सरळ बसले म्हणून स्वतःवर खूशही झाले.

अकोल्याला तू थेट दवाखान्यातून आली होतीस. कागद मीच उलगडून लावला, तू लोकांशी बोलत होतीस, आणि वेळ नव्हता. परीक्षकांत एक निवृत्त प्राध्यापक होते, त्यांना उर्दू येत होती. त्यांनी चष्मा वर करून उजवीकडून वाचायला सुरुवात केली आणि ते हसू लागले. मोठ्यानं वाचून दाखवलं. फुलपाखरू गालाच्या पिशव्यांत दाणे भरतं. फुलपाखरू बिळाचं तोंड बुजवून थंडीभर झोपतं. हॅमस्टर रुईच्या पानाखाली अंडं घालतो. आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक जमले. तुझे मुख्याध्यापक उभे होते, माझे उभे होते.

"हे कुणी केलं?" परीक्षकांनी विचारलं.

मला एका क्षणात सगळं कळलं होतं, नसीम. दूध, फोन, गोंद, सगळं डोळ्यासमोर आलं. आणि मी म्हणाले, "सर, उर्दूचा भाग या मॅडमकडे होता."

त्यात एक शब्दही खोटा नव्हता. मी आजवर या वाक्याकडे असं पाहत आले, आणि म्हणूनच मला माझी किळस येते.

तू माझ्याकडे पाहिलंस. एकदाच. मग परीक्षकांना म्हणालीस, "जी सर. नजरेतून सुटलं माझ्या." आणि कागदाजवळ जाऊन दोन्ही शीर्षकांवर हात ठेवून उभी राहिलीस, लोक पांगेपर्यंत.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी तोंड उघडायची तयारी करत होते, खरंच करत होते. स्टेशनवर तू खिडकीतून दोन चहा घेतलेस, एक माझ्या हातात दिलास आणि विचारलंस, "काकांनी यंदा त्या तुकड्यात जवारी पेरली का तूर?"

"तूर," मी म्हटलं.

तू मला वाट करून दिली होतीस, बोलायची किंवा न बोलायची. मी न बोलायची घेतली. बडनेऱ्याला उतरताना तू नेहमीसारखी पाठीवर थाप मारलीस.

पुढच्या वर्षी तुझ्या शाळेनं भित्तिपत्रक तुझ्याकडून काढून एका नवीन सरांना दिलं. ते सर इंटरनेटवरून चित्रं छापून आणायचे, दोन भाषांचं झेंगट त्यांना नको होतं. डबे माझ्याकडे आले, तेही दोन-तीन वर्षांत कुठेतरी गेले. मी तेव्हा तुमच्या मुख्याध्यापकांना भेटून दोन वाक्यं बोलले असते तर हे थांबलं असतं. अमरावतीहून बडनेरा किती लांब आहे? ऑटोनं अर्धा तास. मी तो अर्धा तास आठ वर्षं काढू शकले नाही. पण ईदला शीरखुर्मा खायला मात्र दरवर्षी वेळेवर हजर असायचे, आणि तू माझी वाटी काठोकाठ भरायचीस.

तुझ्या शेवटच्या आजारात मी ठरवून आले होते. तू उशीला टेकून बसली होतीस, हात किती बारीक झाले होते. मी म्हटलं, "नसीम, अकोल्याले त्या दिवशी..."

"राहू दे," तू म्हणालीस. डोळे मिटलेलेच होते.

ते 'राहू दे' माफीचं होतं, की दमलेल्या माणसाचं होतं, की आता काय उपयोग असं होतं, मला माहीत नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. तुझ्या उशाशी बसून मला सुटल्यासारखं वाटलं. गेले तीन आठवडे मला तेच छळतं आहे.

आता कालचं सांगते. हॉल भरला होता. तुझ्या हाताखालून गेलेली मुलं, आता मिशा फुटलेली, कडेवर लेकरं घेतलेली, भिंतीपर्यंत उभी होती. बऱ्याच जणांनी तुझ्याबद्दल चांगलं सांगितलं. मग औषधांचं दुकान चालवणारा तुझा तो इरफान उठला. लोकांना जरा हसवावं म्हणून त्यानं अकोल्याची गोष्ट काढली.

"आमच्या मॅडमनं फुलपाखराले बिळात झोपवलं होतं," तो म्हणाला. "गालात जवारी भरून. अकोल्याले सारे हसले, पन मॅडमनं दुसऱ्या दिवशी वर्गात सोताच सांगितलं. म्हने, चूक झाली का उभं राहून कबूल कराची, लपाचं नाही. मी हे आजवर नाही भुललो."

सगळा हॉल हसला, प्रेमानं हसला. बायका डोळे पुसत हसत होत्या. शाहीनसुद्धा हसली. तुझी ती चूक आता त्यांच्या लाडाची झाली आहे. आणि मला पहिल्यांदाच कळलं की तू वर्गातही सांगितलं होतंस, तीस-चाळीस पोरांसमोर, माझी चूक आपली म्हणून.

पुढचं नाव माझं होतं. मी घरून लिहून आणलेला कागद पर्समध्येच राहू दिला. माइकपाशी गेले. दोन्ही हातांनी माइकची दांडी धरली. म्हटलं, "इरफाननं सांगितलं ते तसं नाही. ती शीर्षकं मी चिकटवली होती. नसीमनं मला फोन करून नीट सांगितलं होतं, तरी मी उलटी चिकटवली. आणि परीक्षकांनी विचारलं तेव्हा मी तिच्याकडे बोट दाखवलं. चूक माझी होती. तिची कधीच नव्हती."

मला वाटलं, आता कुणीतरी विचारेल की मग आठ वर्षं कुठे होता बाई. इरफान चिडेल. शाहीन उठून निघून जाईल. काहीही झालं असतं तरी मला चाललं असतं. मी त्यासाठीच उभी राहिले होते.

पहिल्या रांगेत तुमच्या शाळेचे ते म्हातारे अध्यक्ष बसले होते. त्यांनी हळूच मान हलवली आणि शेजाऱ्याला म्हणाले, पण माइकमध्ये ऐकू आलं, "देखो, इसको कहते हैं दोस्ती. मरनेवाली का इल्ज़ाम अपने सर ले लिया."

आणि लोक माना हलवू लागले. इरफान उठून आला आणि माझ्या पाया पडला. मी म्हटलं, "नाही रे बाबा, खरंच सांगून राहिले मी, खरंच." माझा आवाज फुटला, आणि त्या फुटलेल्या आवाजानं त्यांची खात्रीच पटली. शाहीन मला धरून खुर्चीकडे घेऊन गेली. "बस करा बाई," ती म्हणाली, "आपा गेली, आता तुमी तिच्यासाठी अजून किती कराल?" तिनं मला पाणी दिलं. तिच्या मागे कुणीतरी म्हणालं, मैत्रीण असावी तर अशी.

मी पाणी प्यायले, नसीम. आणि गप्प बसले.

अकोल्याला मी खोटं वागले तेव्हा सगळ्यांना खरं वाटलं. काल खरं बोलले तर त्यांनी त्याचा माझा मोठेपणा केला. आता मी कुठेही, कितीही वेळा सांगितलं तरी ते मोठेपणाच ठरेल, जितकी जास्त रडेन तितका मोठा. त्या हॉलमध्ये उठून उभी राहून 'ही बाई खरं सांगून राहिली' असं म्हणू शकेल अशी एकच होती, आणि आम्ही सगळे तिच्यासाठीच जमलो होतो.